पेशंटबरोबर कोण?

यांच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, गालाच्या कॅन्सरवर ऑगस्ट २०२४ ते डिसेंबर २०२४ असे उपचार झाले. आजाराबद्दल डॉक्टर सांगतात, माहितीपत्रकंही मिळतात. पण पेशंटबरोबरच्या माणसानं ते महिने कसे काढायचे, रात्री कोण थांबणार, घरी पोरांकडे कोण बघणार, पैसे संपत आले की कुणाकडे जायचं, हे मला बहुतेक रांगेत शेजारी बसलेल्या बायकांकडूनच कळलं. ते सगळं एका जागी असावं म्हणून लिहिते आहे.

आम्ही सांगोला तालुक्यातले. चार एकर डाळिंब आहे. घरात आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, मुलगी तेव्हा दहावीत, मुलगा सातवीत. धाकटे भावजी आमच्याकडच्या बऱ्याच घरांतल्यासारखे गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात, कोइमतूरला. मी घरी शिवणकाम करते आणि आमच्या बचत गटाचं दप्तर सांभाळते.

जुलैमध्ये यांच्या डाव्या गालात आतून जखम झाली. तिखट लागलं की डोळ्यांत पाणी यायचं, तोंड उघडायला त्रास व्हायचा. तंबाखू-चुन्याची सवय विशीपासूनची. दातांच्या डॉक्टरांनी दोन आठवडे वाट पाहिली आणि जखम भरत नाही म्हटल्यावर सोलापूरला बायोप्सीसाठी, म्हणजे जखमेचा तुकडा काढून तपासायला, पाठवलं. ९ ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी, रिपोर्ट आला. तोंडाची जखम पंधरा-वीस दिवसांत भरली नाही तर थांबू नका, एवढं तर प्रत्येकाला सांगावंसं वाटतं.

आत्यांचं म्हणणं होतं की गावात काही बोलायचं नाही. पोरगी मोठी होतेय, लोक काहीही समजतात. त्यांची भीती मला कळत होती. आमच्याकडे अजूनही कितीतरी माणसं कॅन्सरवाल्या घरचं पाणी पीत नाहीत, आणि हा आजार शिवाशिवीनं होत नाही हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. तरी मी त्याच आठवड्यात गटाच्या बैठकीत सांगून टाकलं. पुढं जी जी मदत आली तिचा धागा त्या बैठकीपर्यंत जातो. ज्यांना माहीतच नाही त्यांच्याकडे मागणार काय?

राखीपौर्णिमा झाली आणि त्याच रात्री आम्ही कुर्डुवाडीहून सिद्धेश्वर एक्सप्रेसनं निघालो. माझा भाऊ बरोबर होता. सकाळी दादरला उतरून परळच्या टाटा मेमोरियलमध्ये पोहोचलो तर नोंदणीच्या रांगेत आमच्याआधी दोन-अडीचशे माणसं असतील. जाताना आधार कार्ड, रेशनकार्ड, सगळे जुने रिपोर्ट न्यायचेच, शिवाय बायोप्सी जिथं झाली तिथून काचेच्या स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक मागून घ्यायचा. टाटात ते परत तपासतात. आमच्या सोलापूरच्या डॉक्टरांनी आठवणीनं दिले होते, म्हणून पुन्हा तुकडा काढावा लागला नाही. नोंदणी जनरल आणि प्रायव्हेट अशा दोन प्रकारांत होते. आम्ही जनरल घेतली. फाइल नंबर मिळतो, एक कार्ड मिळतं, त्यात पैसे भरून ठेवायचे आणि तपासण्यांचे पैसे त्यातून कापले जातात. जनरलला गर्दी जास्त, थांबणं जास्त. पण उपचार कोणते करायचे हे तिथं एकटा डॉक्टर ठरवत नाही. ऑपरेशनवाले, रेडिएशनवाले, केमोवाले असे सगळे मिळून जॉइंट क्लिनिकमध्ये ठरवतात, आणि त्याचा मला मोठा धीर वाटला.

प्रत्येक खिडकीवर एकच हाक असायची: "पेशंटबरोबर कोण?" मी पुढं व्हायची.

राहायला आम्ही ठाण्यापुढच्या दिवा स्टेशनला यांच्या चुलतभावाकडे गेलो. एका खोलीत ते चौघं आणि आम्ही तिघं. त्यांनी कधी तोंड वाकडं केलं नाही, पण पहाटे पाचला उठून लोकलमध्ये उभ्यानं परळ गाठायचं आणि रात्री परत, असं यांच्याच्यानं होईना. सीटी स्कॅनच्या दिवशी हे फलाटावरच बसले. त्या दुपारी मी समाजसेवा विभागात गेले. त्या विभागाचा बोर्ड रोज दिसायचा, पण मला वाटायचं तो अगदी निराधार लोकांसाठी असेल. तसं नाही. कुणीही जावं.

तिथल्या ताईंनी पहिल्यांदा पैशांचं विचारलंच नाही. विचारलं, "तुमच्याबरोबर कोण कोण आहे? नावं सांगा." मी म्हटलं, मी आहे. त्या म्हणाल्या, "अजून?" मग एकेक नाव निघत गेलं. भाऊ, अकलूजची नणंद, भावजी, भाचा, गटातल्या दोघी, दिव्याचे दीर. त्यांनी एका कोऱ्या कागदावर एका बाजूला ही नावं लिहायला लावली आणि दुसऱ्या बाजूला कामं. रात्री रुग्णालयात थांबणं. रक्त देणारे जमवणं. योजनेची कागदपत्रं. पोरांचं जेवण आणि शाळा. बागेची फवारणी. फोनवर नातेवाइकांना खबर देणं. मग म्हणाल्या, प्रत्येक कामापुढं एक नाव टाका आणि त्या माणसाला आजच फोन करून तेवढंच काम सांगा.

तोवर जो फोन यायचा तो "काही लागलं तर सांगा" म्हणून ठेवला जायचा आणि मीही हो म्हणायची. त्या संध्याकाळी मी भाच्याला सांगितलं, रेशनकार्डावरच्या आणि आधारवरच्या आडनावात एका अक्षराचा फरक आहे, तहसीलच्या पुरवठा शाखेत जाऊन तेवढं दुरुस्त करून आण. दिव्याच्या दिरांना सांगितलं, रोज रात्री नऊला सगळ्यांना एकच मेसेज तुम्ही टाकायचा, म्हणजे मला पंधरा फोन उचलावे लागणार नाहीत. दोघांनीही ते शेवटपर्यंत केलं. माणसांना मदत करायची असते, कुठं हात लावायचा ते कळत नसतं, असं माझं आता ठाम मत झालं आहे.

त्याच विभागातून राहण्याच्या जागांची यादी मिळाली. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळचं नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन, आणखीही काही. लहान मुलं पेशंट असतील तर त्यांच्यासाठी सेंट ज्यूडची केंद्रं वेगळी आहेत. सगळीकडे रुग्णालयाची कागदपत्रं लागतात आणि बहुतेक ठिकाणी थांबावं लागतं, म्हणून पहिल्या आठवड्यातच एकाहून जास्त ठिकाणी नाव द्यावं. आम्हाला सप्टेंबरच्या सुरुवातीला एका धर्मशाळेत जागा मिळाली. एका मोठ्या हॉलमध्ये खाटा, खाली आमच्या पिशव्या, सामायिक स्वयंपाकघर. रोजचं भाडं अगदी नाममात्र.

ऑपरेशन महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून झालं. केशरी रेशनकार्ड होतं. रुग्णालयात योजनेचा कक्ष असतो, तिथं आरोग्यमित्र बसतात. ते कागद वर पाठवतात, मंजुरी आली की मग पुढं. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. भाच्यानं आडनावाची दुरुस्ती करून आणेपर्यंत आठवडा गेला, पण ऑपरेशनची तारीखही लांबची होती, त्यामुळे अडलं नाही. योजनेचा फोन नंबर १५५३८८ आहे. भरती होण्याआधीच्या काही तपासण्या, औषधं आणि प्रवास मात्र आमच्या खिशातून गेले.

रक्तासाठी यांच्या शाळेतल्या मित्रानं तालुक्याच्या मुंबईतल्या मंडळींच्या ग्रुपवर निरोप टाकला. घाटकोपर, कामोठे, कुठून कुठून पोरं आली. त्यातल्या निम्म्यांना आम्ही ओळखतही नव्हतो. एकानं जाताना यांच्या हातात डाळिंब ठेवलं, आपल्याकडचंच आहे म्हणाला. यांना तेव्हा काही चावता येत नव्हतं, पण ते फळ हे दोन दिवस उशाशी घेऊन होते.

२४ सप्टेंबरला ऑपरेशन झालं. सकाळी नेलं ते रात्रीच बाहेर आणलं. डावा गाल, जबड्याचा काही भाग आणि मानेतल्या गाठी काढल्या, छातीवरचं मांस आणि कातडी फिरवून गालाला लावली. गळ्याला श्वासासाठी भोक, नाकात जेवणाची नळी. डॉक्टरांनी सगळं आधी चित्र काढून सांगितलं होतं, तरी पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझे पाय लटपटले. हे मी मुद्दाम लिहिते आहे. ज्या दिवशी तुमचं माणूस असं समोर येईल त्या दिवशी तुमच्याबरोबर अजून एक कुणीतरी असू द्या. आत एकाच माणसाला सोडतात, पण बाहेर येऊन खांद्यावर डोकं टेकायला कुणी हवं. माझ्याबरोबर अक्का होत्या, अकलूजच्या नणंदबाई. त्यांच्या घरी दूधदुभतं, सासरे अंथरुणावर. तरी दाजींनी, "पंधरा दिवस मी चुलीपुढं बसतो, तू जा," म्हणून त्यांना पाठवलं होतं.

नळीतून जेवण द्यायला सिस्टरनी मला शिकवलं तेव्हा मी हट्ट धरून अक्कांनाही शिकवायला लावलं. हे फार उपयोगी पडलं. माणसाला उठवून बसवायचं, नाकापाशी नळीवरची खूण सरकली नाही ना ते बघायचं, आधी थोडं पाणी सोडायचं, मग गाळून घेतलेलं पातळ जेवण हळूहळू, मग परत पाणी. त्यानंतर अर्धा तास आडवं होऊ द्यायचं नाही. दर दोन-अडीच तासांनी हेच. नळी निघाली तर आपण घालायच्या भानगडीत पडायचं नाही, सरळ रुग्णालय गाठायचं. घरातल्या एकाच माणसाला हे येत असेल तर त्या माणसाला ना झोप मिळते ना आंघोळ.

दसऱ्याच्या आठवड्यात सुटी मिळाली आणि आम्ही धर्मशाळेत परतलो. शेजारच्या खाटेवर भुसावळचं जोडपं होतं, याच आजाराचं, आमच्या सहा महिने पुढं. त्या ताईंनी मला काय दिलं ते मोजता येणार नाही. तांदूळ, मूगडाळ आणि नाचणी भाजून दळून ठेवायची, शिजवून त्यात दूध आणि चमचाभर तेल घालायचं, दोनदा मलमलीतून गाळायचं म्हणजे नळी तुंबत नाही. आहारतज्ज्ञांनी दिलेला तक्ता त्यांनी मला त्यांच्या भांड्यांच्या मापात समजावून सांगितला. आणि सांगितलं की चौथ्या-पाचव्या आठवड्यात हे चिडतील, तेव्हा घाबरायचं नाही.

हे त्याआधीच चिडायला लागले. बोलता येत नव्हतं, पाटीवर लिहायचे. "घरी चल." "नको हे." एकदा पाटीच भिंतीवर मारली. तंबाखू सुटल्याची तलफ होती, आरशात बघायचं दुःख होतं, आणि माझ्याशिवाय राग काढायला समोर कुणी नव्हतं. तंबाखूसाठी १८००-११-२३५६ ही सरकारची मोफत सेवा आहे, पण यांना बोलताच येत नव्हतं. आमचं काम व्ही केअर फाउंडेशनच्या एका स्वयंसेवकानं केलं. ही संस्था १९९४ पासून कॅन्सर पेशंटसाठी काम करते, आणि तिचे कितीतरी स्वयंसेवक स्वतः या आजारातून गेलेले असतात. ते काका यांच्यासमोर बसले, स्वतःचा वाकडा झालेला जबडा दाखवला आणि तासभर एकटेच बोलत राहिले. हे ऐकत होते. दुसऱ्या दिवशी पाटीवर लिहिलं, "ते काका परत कधी?"

माझं काय, हे विचारणारं तेव्हा कुणी नव्हतं. अक्का परत गेल्या होत्या. एका रात्री हे झोपल्यावर मी जिन्यात बसून १४४१६ ला फोन लावला. टेली-मानस म्हणून सरकारची मानसिक आरोग्याची सेवा आहे, चोवीस तास आणि मराठीतून. पलीकडच्या मुलीनं विचारलं, तुम्ही आज काय जेवलात? मला आठवेना. मग मी बराच वेळ रडले आणि तिनं रडू दिलं. शेवटी आम्ही दोन गोष्टी ठरवल्या. सकाळी यांना पहिलं जेवण देण्याआधी मी खायचं, आणि दुसऱ्या दिवशी रुग्णालयात समुपदेशकांना भेटायचं. ते नातेवाइकांशीही बोलतात, वेगळी वेळ मागावी लागते. माझा रक्तदाब वाढलाय हे तिथं गेल्यामुळेच कळलं. गोळी सुरू झाली.

ऑक्टोबरच्या मध्यावर पूर्ण रिपोर्ट आला. मानेतल्या एका गाठीत आजार पोहोचला होता, म्हणून रेडिएशन लागणार. ऑपरेशननंतर साधारण सहा आठवड्यांत ते सुरू व्हावं लागतं. डॉक्टरांनी विचारलं, मुंबईत घेणार की जवळ? बार्शीचं नर्गिस दत्त स्मृती कॅन्सर रुग्णालय आम्हाला ऐकून माहीत होतं. टाटाच्या मदतीनं तिथं १९८७ पासून खेड्यांतल्या कॅन्सरची नोंद ठेवली जाते, हे मला परळलाच कळलं. काही पाहुणे म्हणाले, मुंबई सोडू नका. मी कागद काढून बसले. मुंबईत सहा आठवडे मी एकटी, बार्शीत अर्ध्या दिवसात पोहोचू शकतील अशी किमान सहा नावं. रेडिएशनचं ठरलेलं वेळापत्रक दोन्हीकडे सारखंच पाळायचं होतं. आम्ही डॉक्टरांना विचारून, त्यांचं पत्र घेऊन बार्शी धरली. हा निर्णय प्रत्येकाच्या आजाराप्रमाणे वेगळा असेल. पण डॉक्टर दोन्ही चालेल म्हणत असतील तर घरची माणसं कुठं पोहोचू शकतात हे जरूर बघावं.

परतीच्या प्रवासासाठी रुग्णालयातून रेल्वे सवलतीचा फॉर्म घ्यावा. कॅन्सर पेशंटला स्लीपर आणि थर्ड एसीला पूर्ण सवलत असते, बरोबरच्या एकाला ७५ टक्के. हे तिकीट ऑनलाइन मिळत नाही, आरक्षणाच्या खिडकीवरच फॉर्म दाखवून काढावं लागतं.

घरी दिवाळीपुरते थांबलो. भावजी महिन्याची रजा काढून आले होते. मृग बहाराची डाळिंबं झाडावर, त्यांच्यावर तेल्या रोगाची भीती, फवारणीचं सगळं त्यांनी आणि शेजारच्या मळ्यातल्यांनी सांभाळलं. गटानं मला अंतर्गत कर्जातून वीस हजार दिले होते आणि हप्ता डिसेंबरपर्यंत पुढं ढकलला होता. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे पोरांचं रात्रीचं जेवण. वार वाटून घेऊन बायकांनी ते सांभाळलं. लेकीच्या सराव परीक्षेच्या पेपरांवर तिच्या मैत्रिणीची आई सही करायची.

भाऊबीज झाली आणि ४ नोव्हेंबरपासून बार्शीत रेडिएशन सुरू झालं. आठवड्यातले पाच दिवस, एकूण तीस वेळा. रुग्णालयाजवळ महिना साडेतीन हजारांनी खोली घेतली. चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा घट्ट बसवून टेबलाला अडकवतात, काही मिनिटांचं काम असतं. पहिले दोन आठवडे बरे गेले. तिसऱ्यापासून तोंडात फोड, चिकट लाळ, मानेची कातडी काळी पडली. मीठ-सोड्याच्या गुळण्या, कातडीला साबण-तेल काही नाही, वजन दर आठवड्याला. नळी काढायची यांना फार घाई होती, पण डॉक्टरांनी ठेवली ते बरं झालं, नाहीतर या दिवसांत पोटात काही गेलं नसतं.

पाळ्या अशा होत्या: सोमवार-मंगळवार भाऊ, बुधवार-गुरुवार भाचा किंवा भावजी, बाकीचे दिवस मी. म्हणजे आठवड्यातल्या निम्म्या रात्री मी घरी पोरांजवळ असायची. कुणी येऊ शकणार नसेल तर त्यानंच बदली माणूस शोधायचा, मला सांगायचं नाही, असा नियम भाच्यानं घातला. २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान होतं, सगळे गावी. त्या आठवड्यात सोबतीचा प्रश्न आला तेव्हा आत्या म्हणाल्या, मी जाते. कार्तिकीला त्या दरवर्षी पंढरपूरला जातात, त्या वर्षी गेल्या नव्हत्या. अडुसष्ट वर्षांच्या आत्यांनी भाच्याकडून नळीतून जेवण द्यायला शिकून घेतलं, मापाच्या वाटीला दोरा बांधून खूण केली, आणि दोन दिवस लेकाला एकट्यांनी सांभाळलं. परत आल्यावर शेजारणीला आमच्या ओट्यावर उभ्या राहून त्या आजाराचं नाव घेऊन सगळं सांगत होत्या.

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात रेडिएशन संपलं. जानेवारीत नळी निघाली. सगळं मिळून आमचे स्वतःचे एक लाख चाळीस हजारांच्या आसपास गेले, त्यात प्रवास, खोली, आधीच्या तपासण्या आणि आहार हाच मोठा भाग. गटाचं कर्ज बहाराच्या पैशातून फिटलं. तोंड उघडावं म्हणून आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक ठेवून दातांत धरायचा व्यायाम दिलाय, हे दिवसातून चार-पाच वेळा करतात, कंटाळले की मुलगा काड्या मोजायला बसतो. मानेतल्या गाठी काढल्यामुळे खांदा आखडतो, त्याचाही व्यायाम आहे. भात-आमटी कालवून खातात, तिखट अजून चालत नाही. बोलणं घरच्यांना कळतं, फोनवर कळायला वेळ लागतो. तंबाखू नाही.

पहिली दोन वर्षं दर दोन-तीन महिन्यांनी तपासणी आहे. २०२५ च्या फेब्रुवारीची झाली, एप्रिलची झाली, दोन्ही ठीक. लेक दहावी पास झाली आहे आणि अकरावीचे प्रवेश यंदा, २०२५ ला, सगळ्या राज्यात ऑनलाइन आहेत, त्यामुळे जूनच्या तपासणीला यांच्याबरोबर मी नाही, भाचा जातोय. फाइल, सवलतीचा फॉर्म आणि विचारायच्या प्रश्नांची चिठ्ठी त्याच्या पिशवीत भरून ठेवली आहे.